निवांत बेटाचा हजेरीपट

मे महिन्यात दुपारी एकनंतर जळगाव जामोदच्या बाजारपेठेत काही हलत नाही. पारा ४४-४५च्या घरात, अर्ध्या ओढलेल्या शटरमागे कूलरची घरघर आणि उत्तरेला उन्हानं पांढुरकी पडलेली सातपुड्याची कड. कामं सकाळी उरकायची आणि उन्हं कलल्यावर पुन्हा हाती घ्यायची, ही इथली जुनी रीत. पण याच दुपारी, त्याच कूलरसमोर पडून, पुण्या-मुंबईहून सुटीवर आलेली आमच्याकडची पोरं मोबाईलवर बाली, मालदीव, मॉरिशस बघत असतात. कोणीतरी नोकरी सोडून समुद्रकाठी राहायला गेलेलं असतं, दोन खोल्यांचं घर, परसात केळी, आणि ‘आता कुठे जगायला लागलो’ असं ते कॅमेऱ्याकडे बघून सांगत असतं. दुपारी तीन तास आडवं पडायची सोय गावातही आहे, हे पोरांना सांगून उपयोग नाही. गावातल्या दुपारीला कोणी निवांतपणा म्हणत नाही.

या ओढीची टिंगल करणं सोपं आहे, पण ती खोटी नाही. कमी वस्तू, कमी घाई, हातानं लावलेली भाजी, ओळखीची माणसं आणि कोणाचा फोन आला म्हणून पोटात गोळा न येणं, हे कोणाला नको आहे? मला कुतूहल वेगळंच आहे. अशा उष्ण, हिरव्या, परक्या बेटावर गेलेल्या मराठी माणसाला हे समाधान मिळालं का, आणि मिळालं असेल तर नेमकं कशातून? याचं उत्तर व्हिडिओत शोधायला नको. हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये मराठी माणूस पावणेदोनशेहून अधिक वर्षं राहतो आहे.

मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा साधारण पाचवा हिस्सा. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. या बेटावर मूळचं असं कोणीच नाही. डच १६३८ मध्ये वसले, डोडो पक्षी संपवून १७१० मध्ये निघून गेले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताबा घेतला आणि मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं. उसाचं बेट, ही त्याची खरी ओळख इंग्रजांच्या काळात पक्की झाली.

साध्या आयुष्याचं बेट ही कल्पना मात्र ऊस बोकाळण्याच्या आधीची, आणि तिचा एक मोठा उगम नेमका इथेच आहे. बर्नार्दां द सँ-पिएर नावाचा फ्रेंच अभियंता १७६८ ते १७७० या काळात बेटावर नोकरीला होता. पुढे १७८८ मध्ये त्याची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी आली आणि युरोपभर वाचली गेली. दोन एकट्या पडलेल्या आया, त्यांची दोन लेकरं, डोंगरातल्या झोपड्या, बाग, झरा. त्यांच्याकडे घड्याळ नाही. झाडांच्या सावल्यांवरून वेळ कळते आणि फळाफुलांवरून ऋतू. शहरातल्या कपटापासून दूर, निसर्गाच्या कुशीत सुखी माणसं. आज समुद्रकाठच्या ‘स्लो लाइफ’चं जे चित्र विकलं जातं, त्याचा नकाशा बराचसा या पुस्तकात आखून झालेला आहे.

या पुस्तकातली दोन पात्रं मात्र वाचकांच्या आठवणीतून बहुधा निसटतात. दोमँग आणि मारी, दोघंही गुलाम. शेत दोमँग कसतो. टोपल्या मारी विणते, रांधते तीच, आणि उरलेला माल पोर्ट लुई बंदराच्या बाजारात विकून येते तीही. म्हणजे घड्याळाविना जगणाऱ्या त्या सुखी कुटुंबांमागे दोन माणसांचे राबते हात होते. गंमत अशी की याच लेखकानं १७७३ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात बेटावरच्या गुलामांच्या हालांबद्दल अतिशय कडक लिहिलं होतं. त्याला सगळं दिसलं होतं. तरी समाधानाचं चित्र रंगवताना राबणारे हात त्याला कोपऱ्यात ठेवावेच लागले.

पुढे १८३६ साली ‘बीगल’ जहाजावरून चार्ल्स डार्विन इथे उतरला. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर त्याला हिंदुस्थानातून जन्मठेपेवर आणलेले कैदी दिसले. त्या वेळी ते आठशेच्या आसपास होते, रस्ते-पुलांची सरकारी कामं करत होते आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांनी डार्विन चकित झाला. १८१५ पासून असे कैदी बंगाल आणि मुंबई इलाख्यातून येत होते, तेव्हा त्यांत मराठी बोलणारे असणारच. मग डार्विन कॅप्टन लॉइड या अधिकाऱ्याच्या डोंगरावरच्या घरी राहिला, थंड हवेत फिरला, बेटावरच्या एकुलत्या एका हत्तीवर बसला. आणि अशा शांत ठिकाणी आयुष्य काढायला मिळालं तर किती छान, असंही त्यानं नोंदवलं. कैदी आणि ही इच्छा, दोन्ही एकाच मुक्कामातल्या नोंदी आहेत. डार्विनसारख्या बारीक नजरेच्या माणसानं त्या दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, याचं मला नवल वाटतं.

मार्क ट्वेन आला १८९६ मध्ये. स्वर्ग हा मॉरिशसवरून बेतला, हे वाक्य पर्यटनाच्या जाहिरातीत त्याच्या नावावर खपतं. ट्वेननं ते तिथल्या एका रहिवाशाची बढाई म्हणून सांगितलं आहे, आणि लगेच दुसऱ्या रहिवाशाच्या तोंडून ती खोडूनही काढली आहे: पोर्ट लुईत कोणी राजीखुशीनं राहत नाही आणि क्युरपीप या गावी पाऊस थांबता थांबत नाही. जाहिरातवाल्यांनी दुसरा रहिवासी वगळला.

आता हजेरीपट उघडू.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधली गुलामी कायद्यानं संपली. सुमारे ६६ हजार माणसं मोकळी झाली आणि नुकसानभरपाई मालकांना मिळाली. ऊस मात्र तोडावा लागणारच होता. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले होते. तिथून पुढे १९२०च्या सुमारापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं या बेटावर करारानं आली. कलकत्त्याहून सर्वांत जास्त, मग मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले, काही घाटावरचे लोक होते. आमच्या वऱ्हाडातून तिकडे जाण्याची लाट आली नाही. साम्राज्याला वऱ्हाडाकडून वेगळं काही हवं होतं. ज्या दशकांत कोकणातला माणूस उसासाठी समुद्रापार नेला जात होता, त्याच काळात आमच्याकडची काळी जमीन मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापसाखाली येत होती. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेचा फाटा कापसासाठीच सुरू झाला. जळगाव जामोदला रेल्वे आजही नाही, गाडी धरायला नांदुऱ्याला जावं लागतं. पण कापसाच्या भावानं सालाचं गणित बसवायची सवय आमच्या तालुक्याला तेव्हाच्याच रेट्यात लागली.

गिरमिटाच्या, म्हणजे या मजुरीच्या कराराच्या, अटी वाचताना वऱ्हाडातल्या माणसाला सालदार आठवल्यावाचून राहत नाही. गुढीपाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला साल ठरतं. आधी उचल, मग वर्षभर मालकाच्या शब्दावर उठणं, आणि खाडा झाला की हिशेबात कापणं. मॉरिशसचा मजूर सुरुवातीला पाच वर्षांसाठी बांधला जाई. पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ आणि कापड. खाड्याचा हिशेब मात्र सालदारालाही थक्क करील असा होता: एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ‘डबल कट’ म्हणत त्याला. तापानं महिन्यात दहा-बारा दिवस पडलेल्या माणसाच्या हाती महिनाअखेर फारच थोडं उरे. रविवारी सकाळी मळ्यावर बिनमजुरीची कामं वेगळीच. मळ्यावरच्या मुकादमाला ‘सरदार’ म्हणत, आणि उजाडायच्या आत हजेरी घेतली जाई.

करार संपला म्हणजे माणूस मोकळा झाला, असंही नव्हतं. १८६७च्या कायद्यानं जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. पास नसेल, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात विनापरवाना गेलेला असेल किंवा ‘कामाविना’ आढळला, तर पोलिस उचलून नेत. कामाविना आढळणं हा गुन्हा! ज्या बेटावर आज लोक काही न करण्यासाठी पैसे मोजून जातात, तिथे दीडशे वर्षांपूर्वी आमच्यासारख्याच माणसाला झाडाखाली बसलेला पाहून पकडत होते. त्याच १८६७ मध्ये हिवतापाच्या साथीनं बेटावर हजारो माणसं मारली, आणि मेलेल्यांत मजूरच फार.

या सगळ्याविरुद्ध पहिला मोठा अर्ज १८७१ मध्ये गेला. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या, जर्मन वंशाच्या एका मळेवाल्यानं तो लिहून दिला आणि त्याखाली ९,४०१ मजुरांनी सह्या-अंगठे केले. बाकीच्या मळेवाल्यांनी प्लेवित्झला बदडलंही. पण लंडनहून शाही आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि कायदे हळूहळू सैल झाले.

मग समाधान आलं कुठून? मला वाटतं, ते साखरेच्या पडत्या भावातून आलं. युरोपात बीटपासून साखर निघू लागली, उसाच्या साखरेचा दर घसरला, आणि १८८०च्या दशकापासून मोठे मळेवाले आपल्या कडेच्या, खडकाळ, डोंगराळ जमिनींचे तुकडे पाडून विकू लागले. ते तुकडे घेतले हिंदुस्थानी माणसांनी. अर्ध्या-एक एकराचे तुकडे, तेही वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशावर आणि हप्त्यांनी. दगड वेचून त्यांचे ढीग रचले, मधल्या जागेत ऊस लावला, उसाच्या ओळींत भाजी, घरामागे गाय. काही दूध विकू लागले, काही भाजी. कामाचे तास कमी झाले असतील, असं मला वाटत नाही; उलट स्वतःच्या तुकड्यावर माणूस अंधार पडेपर्यंत राबतो. पण उठायचं कधी, आज खुरपायचं की उद्या, ताप आला तर पडून राहायचं की नाही, हे आता सरदार ठरवत नव्हता.

सगळी गोष्ट इथे येऊन ठेपते. संथपणाचं माप आपण कामाच्या वेगावर लावतो. पण आयुष्य निवांत वाटतं की नाही, हे बऱ्याचदा वेळेवर हुकूम कोणाचा चालतो त्यावर ठरतं.

या मोकळ्या झालेल्या वेळेत मजुरांनी काय केलं, हेही बघण्यासारखं आहे. वस्तीवस्तीत ‘बैठका’ उभ्या राहिल्या: गवताच्या छपराची किंवा पत्र्याची एक खोली, संध्याकाळी कंदील, पोथी, मुलांना अक्षरओळख, भांडणाचा निवाडा, लग्नाची बोलणी. मराठी घरांत गणपती बसू लागला. तिथल्या गणेशोत्सवाची परंपरा १८९६ पासूनची सांगतात, म्हणजे ट्वेन बेटावर आला त्याच वर्षीची. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुटी असते, आणि मराठी लोक तिथे लोकसंख्येच्या जेमतेम दोन टक्के आहेत. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकलं, ढोलकी-झांजेसह. घरात बोलणं आता बहुतेक क्रिओलमध्ये चालतं, पण सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तो पुढेही शिकवतात. १९९१ची जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली होती, तेव्हा इकडून गेलेल्यांना सर्वांत नवल वाटलं असेल ते याचंच, की पाच रुपये महिन्यावर गेलेल्या माणसांनी आपली सणवारांची मांडणी एवढी शाबूत ठेवली.

साधेपणा त्या पिढ्यांनी निवडला नव्हता, तो वाट्याला आला होता. बैठकीतली संध्याकाळ, शेजारणीकडे भाजीची पेंडी पोचवणं, गणपतीला सगळ्या वस्तीनं मिळून मखर करणं, या गोष्टी मात्र निवडलेल्या होत्या. समाधानाचा धागा पकडायचा तर तो इथे पकडावा लागेल. नारळाच्या झाडाला त्याचं श्रेय देता येणार नाही.

आता थोडं शास्त्राकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांचे सहकारी आरा नोरेन्झायन यांनी १९९९ मध्ये ३१ देशांतल्या मोठ्या शहरांचा वेग मोजून प्रसिद्ध केला. पद्धत मजेशीर होती: माणूस फुटपाथवर साठ फूट किती सेकंदांत चालतो, पोस्टातला कारकून तिकीट किती वेळात देतो, आणि सार्वजनिक घड्याळं किती बरोबर असतात. स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी वेगवान निघाले. ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको सर्वांत संथ. थंड हवेचे आणि श्रीमंत देश भरभर चालतात, उष्ण देश हळू, इथवर कोणालाही अंदाज आला असता. पुढचा निष्कर्ष मात्र ‘स्लो लाइफ’वाल्यांना अडचणीचा आहे. वेगवान ठिकाणी हृदयविकारानं होणारे मृत्यू जास्त होते, लोक सिगारेटीही जास्त ओढत होते, आणि तरीही तिथले लोक स्वतःला जास्त समाधानी म्हणवत होते. म्हणजे संथ ठिकाणी गेलं की समाधान आपोआप मिळतं, असं हा अभ्यास म्हणत नाही. कारण उघड आहे. वेग जिथे आहे तिथे बहुधा पैसा, दवाखाने आणि निवडीला वाव आहे. संथपणा जिथे आहे तिथे पुष्कळदा कामच नसतं किंवा बस येत नसते.

दुसरा अभ्यास २०१७चा, ॲशली विलन्स आणि सहकाऱ्यांचा. अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्समधल्या हजारो लोकांना विचारलं, तेव्हा नकोशी कामं दुसऱ्याला पैसे देऊन करून घेणारे लोक जास्त समाधानी आढळले. मग व्हँकुव्हरमध्ये साठ जणांना प्रत्येकी चाळीस डॉलर दोनदा दिले: एकदा वस्तू घ्या, एकदा वेळ वाचवणारी सेवा घ्या. वेळ विकत घेतला त्या दिवशी लोक अधिक खूश होते. निष्कर्ष पटण्यासारखा आहे. पण तो वाचताना मला दोमँग आणि मारी आठवले. एकानं विकत घेतलेला तास दुसऱ्यानं विकलेला असतो, आणि विकणाऱ्याला त्या दिवशी कसं वाटलं हे त्या प्रयोगात कोणी विचारलं नव्हतं.

साधं राहिलं की तब्येत ठणठणीत, हाही एक समज. मॉरिशसमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. बेटावर पिकतो मुख्यतः ऊस; तांदूळ, गहू, तेल बाहेरून येतं. मळ्याच्या रेशनवर वाढलेल्या पिढ्यांच्या ताटात पांढरा भात, पाव आणि पामतेल येऊन बसलं. १९८७ मध्ये सरकारनं रेशनच्या तेलात पामतेलाऐवजी मुख्यतः सोयाबीनचं तेल द्यायला सुरुवात केली, आणि पाच वर्षांत लोकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलेलं दिसलं. आमच्या सोयाबीन पिकवणाऱ्या तालुक्याला ही गोष्ट आवडावी. पण मुद्दा असा की हे समुद्राच्या हवेनं झालं नाही, एका सरकारी निर्णयानं झालं.

तिथल्या निवांतपणाच्या मागे अशा निर्णयांची मोठी रांग आहे. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसच्या भविष्याबद्दल अगदी निराश अहवाल दिला होता: एकच पीक, वाढती लोकसंख्या, वादळं. वर्षभर आधीच ‘कॅरोल’ चक्रीवादळानं हजारो घरं उडवली होती. हेच मीड पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळवते झाले, मॉरिशसनं मात्र त्यांना खोटं ठरवलं. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. ही तारीख दांडी यात्रेच्या दिवसावरून निवडलेली. पुढे कापडगिरण्या आल्या, पर्यटन आलं. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत, सरकारी दवाखाने मोफत, २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना बस मोफत, आणि २०२५ पर्यंत साठी ओलांडली की प्रत्येकाला सरकारी पेन्शन. दुपारी समुद्राकाठी पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो पर्यटक काढतो तेव्हा त्या फोटोत ही पेन्शन दिसत नाही. २०२५ मध्ये सरकारनं पेन्शनचं वय टप्प्याटप्प्यानं ६५ वर नेण्याचं जाहीर केलं, तेव्हा तीच शांत माणसं रस्त्यावर उतरली.

म्हणून आमच्याकडच्या संथपणाकडे बघतानाही जरा सावध राहिलेलं बरं. जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यांचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारट आहे, मूत्रपिंडाच्या आजारानं घरंच्या घरं पोखरली आहेत, आणि नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणं हे अनेक गावांतलं रोजचं काम आहे. बाईचा अर्धा दिवस हंड्यांच्या रांगेत गेला तर तोही संथच गेला म्हणायचा. याच भागातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, अठरा धान्यं मांडून दुसऱ्या पहाटे पावसा-पिकाचं भाकीत सांगतात. ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. भाकितावर माझा विश्वास नाही. पण दरवर्षी इतके शेतकरी पहाटे तिथे का जमतात ते मला कळतं. ज्याचं सगळं साल आभाळाच्या आणि बाजारभावाच्या हातात आहे, त्याला पुढच्या चार महिन्यांवर थोडी तरी पकड हवी असते.

आणखी वर, सातपुड्याच्या अंगाला, निहाल लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांची निहाली भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, आणि ती बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव अशी ही गावं. शहरातून आलेला पाहुणा त्या वस्त्या बघून म्हणतो, किती साधं, सुखी आयुष्य! निहाल पिढ्यानपिढ्या कोरकू आदिवासींच्या आणि इतरांच्या शेतावर मजुरीला जात आले आहेत. त्यांच्या साधेपणाची तारीफ करण्याआधी त्यांचा दिवस कोण ठरवतं, एवढं विचारावं.

तरीही कोणाला बेटावर जायचंच असेल, तर मॉरिशसनं २०२० पासून ‘प्रीमियम व्हिसा’ दिला आहे. वर्षभर राहता येतं, समुद्रकाठी बसून लॅपटॉपवर काम करता येतं. अट अशी की दरमहा किमान १,५०० डॉलर उत्पन्न हवं आणि ते बेटाबाहेरून यायला हवं. तिथल्या कोणाकडे नोकरी करायची नाही. याच विमानतळावर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातूनही कामगार उतरतात, कापडगिरण्यांसाठी, बांधकामांसाठी. त्यांच्या परवान्यावर मालकाचं नाव असतं आणि त्याच मालकाकडे काम करायचं असतं. पाच रुपयांच्या काळातले जहाजांचे कागद, मजुरांची नावं, गावं, उंची आणि पुढे त्यांचे फोटोही मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहेत. हे मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. घाट पाहून झाल्यावर आमच्या पोरांपैकी कोणी समुद्रकाठच्या घरात महिनाभर राहिलंच, तर ते घर बांधणारा कोणत्या देशातून आला, आणि त्याला रविवारी सुटी असते का, हेही विचारून यावं. तिथल्या निवांतपणाबद्दल त्याच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगणार नाही.